चाकणची मुलाखत वेगळी, बाणेरची वेगळी: रोबोटिक्सच्या नोकरीची तयारी

माझ्या पहिल्याच मुलाखतीत समोरच्या साहेबांनी विचारलं होतं, "रोबो सकाळभर व्यवस्थित चालला. जेवणाच्या सुट्टीनंतर प्रत्येक पार्ट तीन मिलिमीटर डावीकडे ठेवतोय. काय कराल?" मी कागद पुढे ओढला आणि इन्व्हर्स किनेमॅटिक्स (टोक हव्या जागी न्यायला सांध्यांचे कोन काढायचं गणित) मांडायला घेतलं. त्यातल्या जेकोबियन मॅट्रिक्सपर्यंत पोचलो तेव्हा साहेब म्हणाले, "अहो, पार्ट धरणाऱ्या ग्रिपरचे बोल्ट आधी बघाल की नाही?" नोकरी मिळाली नाही हे सांगायला नकोच.

पुढे काही वर्षांनी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायची वेळ आली आणि लक्षात आलं की तोच प्रश्न मीही विचारतोय, शब्द फक्त बदललेले. उमेदवाराला सूत्रं येतात का हे दहा मिनिटांत कळतं. यंत्र बिघडल्यावर त्याचं डोकं कुठल्या क्रमाने चालतं हे कळायला तासभर लागतो, आणि पगार त्यासाठीच मिळतो. खालची सगळी तयारी याच हिशेबाने लिहिली आहे.

नोकरी कुठली आहे ते आधी ओळखा

"रोबोटिक्स इंजिनिअर" या एकाच नावाखाली पुण्यात किमान तीन वेगळी कामं चालतात. एकाची तयारी करून दुसऱ्याच्या मुलाखतीला जाणारे फार भेटतात.

चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात औद्योगिक रोबोंचं काम आहे: वेल्डिंग, मटेरियल हँडलिंग, मशीन टेंडिंग (मशीनमध्ये पार्ट घालणं-काढणं), पेंट शॉप. नोकरी एकतर कारखान्यात असते, नाहीतर त्या कारखान्याला लाइन उभी करून देणाऱ्या सिस्टिम इंटिग्रेटरकडे. बजाज ऑटोने चाकणच्या कारखान्यात २०१० च्या सुमारास युनिव्हर्सल रोबोट्सचे कोबॉट (माणसाशेजारी काम करणारे रोबो) बसवायला सुरुवात केली, तेव्हा बाकी कारखान्यांत कोबॉट हा शब्दही फारसा कानावर येत नव्हता. जाहिरातीत फिक्स्चर (पार्ट पक्का धरणारी चौकट), पीएलसी (लाइनचा कंट्रोलर), सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ), केआरएल आणि रॅपिड (रोबोच्या प्रोग्रॅमिंग भाषा), टीच पेंडंट (रोबो हाताने चालवायचा रिमोट) असे शब्द दिसले तर ही नोकरी या पट्ट्यातली समजा.

बाणेर, बावधन, खराडीकडच्या स्टार्टअपमध्ये स्वतः फिरणारे रोबो, ड्रोन, व्हिजन वगैरे चालतं. तिथली भाषा रॉस २ (रोबोंसाठीची सॉफ्टवेअर चौकट), नॅव्ह २ (तिचा रस्ता शोधायचा भाग), स्लॅम (नकाशा बनवत स्वतःची जागा ओळखणं), सी प्लस प्लस. हिंजवडीतल्या इंजिनिअरिंग सेंटरमध्ये बहुतेक वेळा एम्बेडेड, सिम्युलेशन किंवा गाड्यांच्या ड्रायव्हर असिस्टन्सचं काम निघतं. नावात रोबोटिक्स असलं तरी दिवसभर कॅन बसचे (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या जाळ्याचे) लॉग बघावे लागू शकतात. वाईट काहीच नाही त्यात, पण आधी माहीत असलेलं बरं.

दिघीची डीआरडीओची प्रयोगशाळा, जिथे बॉम्ब हाताळणारा 'दक्ष' तयार झाला, ती या तिन्हीत बसत नाही. शास्त्रज्ञ पदासाठी गेट परीक्षेचे गुण लागतात आणि मुलाखतीत मूळ विषय खणून विचारतात. त्या वाटेला जायचं असेल तर वर्षभर आधी ठरवा.

बायोडेटा: एक पान, पण प्रत्येक ओळीवर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे

"रॉस वापरून ऑटोनॉमस रोबो बनवला" ही ओळ मी इतक्या वेळा वाचली आहे की आता डोळा तिच्यावर थांबतही नाही. तीच गोष्ट अशी लिहा: "४० किलो वजनाचा दोन चाकी रोबो, कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये नेमक्या जागी थांबण्यातली चूक १८ सेंटिमीटरवरून ४ सेंटिमीटरवर आणली." आता मला लगेच विचारावंसं वाटतं की कशी आणली, आणि तुमच्या आवडीच्या विषयावर मुलाखत सुरू झाली. आकडे अर्थातच तुमचे, खरे हवेत. खोटा आकडा दुसऱ्या प्रश्नात उघडा पडतो.

गटात केलेल्या प्रोजेक्टमध्ये "आम्ही" आणि "मी" वेगळं ठेवा. पुण्यातल्या बऱ्याच मुलांनी रोबोकॉन स्पर्धेला हात लावलेला असतो. २०१४ ची एबीयू रोबोकॉन तर बालेवाडीतच झाली होती. चांगलंच आहे, पण दहा-वीस जणांच्या टीममध्ये तुम्ही वायरिंग केलं असेल तर वायरिंगच सांगा. कनेक्टर का सैल झाले, केबलला वाक किती ठेवला, मोटर सुरू होताना सेन्सरच्या रीडिंगमध्ये गोंधळ का व्हायचा, हे नीट सांगणारा मुलगा मला "आम्ही स्लॅम केलं" म्हणणाऱ्यापेक्षा जास्त आवडतो. लाइन फॉलोअर (रेषेवरून चालणारा रोबो) मात्र काढून टाका. तो सगळ्यांकडे असतो.

कागदावरची गणितं

इथे निवांत वेळ द्या. रोज एक गणित, कॅल्क्युलेटर न घेता, तोंडाने बोलत सोडवायचं. चार प्रकार पक्के झाले तरी निम्म्या मुलाखती निभावतात.

पहिलं मोटर निवडण्याचं. समजा भारासकट १०० किलोचा रोबो ५ अंशाच्या चढावर १ मीटर प्रति सेकंद वेगाने न्यायचा आहे. चाकाचा व्यास १५० मिलिमीटर. चढाचा विरोध १०० गुणिले ९.८१ गुणिले साइन ५, म्हणजे साधारण ८५ न्यूटन. चाकांचा रोलिंग घर्षण गुणांक ०.०२ धरला तर आणखी २० न्यूटन. ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण हवं असेल तर ५० न्यूटन. एकूण १५५. दोन चाकांत वाटले तर प्रत्येकी ७७.५ न्यूटन, त्रिज्या ०.०७५ मीटर, म्हणून चाकावर टॉर्क सुमारे ५.८ न्यूटन-मीटर. २० पट गिअरबॉक्स आणि ८० टक्के कार्यक्षमता धरली की मोटरवर ०.३६ न्यूटन-मीटर आणि साधारण २५५० आरपीएम. म्हणजे प्रत्येक चाकाला शंभरेक वॉट. इथे थांबू नका. "दीडशे वॉटची घेईन, कारण एक चाक खड्ड्यात अडकलं की सगळा भार दुसऱ्यावर येतो" हे वाक्य उत्तरापेक्षा जास्त गुण मिळवून देतं.

त्याच रोबोवर दुसरा प्रश्न: मोटरला एका फेऱ्यात १००० पल्स देणारा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) आहे, किती काउंट येतील? क्वाड्रेचरमध्ये (दोन चॅनेलचे सगळे चढ-उतार मोजले की) चौपट, म्हणजे ४०००. गिअरमुळे चाकाच्या एका फेऱ्याला ८०,०००. चाकाचा परीघ ४७१ मिलिमीटर, म्हणून १ मीटर प्रति सेकंदाला साधारण २.१२ फेरे, आणि सेकंदाला सुमारे १ लाख ७० हजार काउंट. आता खरा प्रश्न येतो: हे प्रत्येक काउंटला इंटरप्ट देऊन (प्रोसेसरचं चालू काम थांबवून) मोजणार का? मोजायला गेलात तर साधा मायक्रोकंट्रोलर दुसरं काही करूच शकणार नाही. टायमरचा एन्कोडर मोड वापरायचा, हार्डवेअर स्वतः मोजतं. ज्याने हे कधी प्रत्यक्ष भोगलं आहे तो इथे हसतो, आणि आम्हाला ते हसू ओळखता येतं.

तिसरं, दोन सांध्यांचा हात. लांबी ३०० आणि ४०० मिलिमीटर, टोक (३००, ४००) या बिंदूवर न्यायचं आहे. मूळ बिंदूपासून अंतर ५००. तीन-चार-पाचचा त्रिकोण दिसला का? दुसऱ्या सांध्याचा कोसाइन शून्य येतो, म्हणजे कोन अधिक किंवा उणे ९०. अधिक घेतला तर पहिला सांधा शून्यावर, उणे घेतला तर साधारण १०६ अंशावर. कोपर खाली की वर, एवढाच फरक. मग ७०० च्या पुढे आणि १०० च्या आत हात का पोचत नाही ते सांगा. कोन काढताना टॅन इन्व्हर्स न घेता एटॅन टू (एक्स आणि वाय दोन्हींची चिन्हं बघणारं फंक्शन) घ्यायचा, नाहीतर चतुर्थांश चुकतो.

चौथं, कालमन फिल्टर, म्हणजे अनेक चुकार मोजमापांतून एक चांगला अंदाज काढायची रीत. सूत्र पाठ म्हणून दाखवणारे पुष्कळ येतात. एक साधं गणित घ्या: एक सेन्सर म्हणतो १०० सेंटिमीटर, व्हेरियन्स (मोजमाप किती विखुरतं त्याचं माप) ४, दुसरा म्हणतो १०६, व्हेरियन्स १२. एकत्र अंदाज किती? पहिल्यावर तिप्पट विश्वास, म्हणून १०१.५, आणि नवा व्हेरियन्स ३, दोन्हींपेक्षा कमी. सगळा कालमन या एका ओळीत बसतो, बाकी मॅट्रिक्सचा पसारा. हे सोडवता आलं की "लेझरने अंतर मोजणाऱ्या लायडारसमोर अचानक काच आली तर व्हेरियन्सचं काय कराल?" या पुढच्या प्रश्नालाही घाबरायला होत नाही.

पीआयडी (आत्ताची, साचलेली आणि बदलती चूक बघून दुरुस्ती करणारा कंट्रोलर) येतच असेल असं धरतो. फक्त इंटिग्रल वाइंडअप म्हणजे काय आणि तो कसा थांबवायचा, आणि सेटपॉइंट एकदम बदलला की डी टर्म झटका का देते, एवढं नक्की बघून जा.

चाकणकडे जाणार असाल तर

सहा अक्षांच्या रोबोत पाचवा सांधा शून्यावर आला की चौथ्या आणि सहाव्याचे अक्ष एका रेषेत येतात, आणि सरळ रेषेत चाललेला रोबो एकाएकी मनगट गरकन फिरवतो किंवा अलार्म देऊन थांबतो. ही रिस्ट सिंग्युलॅरिटी. व्याख्या सगळे सांगतात. उपाय विचारला की शांतता. सांगा: पार्ट थोडा तिरका धरायचा, फिक्स्चर किंवा टूल काही अंश झुकवायचं, जिथे मार्ग महत्त्वाचा नाही तिथे लिनिअरऐवजी (सरळ रेषेऐवजी) जॉइंट मूव्ह (सांधे मोकळे फिरवणारी हालचाल) वापरायची.

टूल फ्रेम (टूलवरचे अक्ष) आणि यूजर फ्रेम (कामाच्या जागेवरचे अक्ष) यांतला फरक, टीसीपी (टूलच्या टोकाचा बिंदू) चार बिंदूंच्या पद्धतीने कसा काढतात, पेलोड चुकीचा भरला तर काय होतं, दोन रोबो एकाच जागेत येऊ नयेत म्हणून इंटरलॉक कसा लावतात, हे बोलता आलं पाहिजे. फॅनकचं टीपी, कुकाचं केआरएल, एबीबीचं रॅपिड यांपैकी एक तरी भाषा सिम्युलेटरवर लिहून पाहिलेली असावी. हातात खरा रोबो नसेल तर एबीबीच्या रोबोटस्टुडिओ सिम्युलेटरमध्ये एक छोटा सेल (रोबो, फिक्स्चर आणि भोवतालची जागा) उभा करा, पिक अँड प्लेस चालवा आणि सायकल टाइम दोन सेकंदांनी कमी करून बघा. कुठून कमी केला ते लिहून ठेवा.

सुरक्षेवर हमखास प्रश्न असतो, आणि इथे चुकलेल्याला पुढची फेरी मिळत नाही. टी-वन (रोबो हाताने चालवून शिकवायच्या) मोडमध्ये वेग २५० मिलिमीटर प्रति सेकंदाच्या वर जात नाही. पेंडंटच्या मागच्या एनेबलिंग स्विचला तीन स्थिती असतात. मधल्या स्थितीतच रोबो हलतो, कारण घाबरलेला माणूस एकतर हात सोडतो नाहीतर मूठ आवळतो, आणि दोन्ही वेळा रोबो थांबलाच पाहिजे. हे कारण सांगणारा उमेदवार क्वचित भेटतो. औद्योगिक रोबोंच्या सुरक्षेचं मानक आयएसओ १०२१८ आणि कोबॉटसाठीचं टीएस १५०६६, ही नावं कशासाठी आहेत तेवढं माहीत असू द्या. "कोबॉट आहे, म्हणून कुंपण नको" असं मात्र चुकूनही म्हणू नका. कोबॉटच्या ग्रिपरमध्ये धारदार पत्रा असेल तर तो कोबॉट कसला?

बाणेरकडे जाणार असाल तर

रॉस १ ची शेवटची आवृत्ती नोएटिक मे २०२५ मध्ये निवृत्त झाली, त्यामुळे बायोडेटात नुसतं तेच असेल तर रॉस २ वर एक प्रोजेक्ट हलवून बघा. हंबल किंवा जॅझी, कुठलीही आवृत्ती चालेल.

मॅप (नकाशा), ओडम (चाकांच्या मोजणीवरून काढलेली जागा) आणि बेस लिंक (रोबोचं अंग) या तीन फ्रेमचं नातं कागदावर काढता आलं पाहिजे. ओडम गुळगुळीत सरकते पण हळूहळू चुकत जाते. मॅपमधली जागा बरोबर असते पण मध्येच उडी मारते. मग कंट्रोलरने कुठली वापरायची, आणि का? पाचेक मिनिटं यावर बोलता आलं की समोरच्याला तुमची खोली कळते.

आणखी एक सापळा हटकून येतो. "टॉपिकच्या यादीत लायडार दिसतोय, पण तुमच्या नोडला एकही मेसेज येत नाही. का?" बहुतेक जण केबल तपासायला धावतात. सेन्सर बेस्ट एफर्टवर (पोचलं तर पोचलं) पाठवत असेल आणि तुमचा सबस्क्रायबर रिलायबल (पोचण्याची हमी) मागत असेल, तर दोघांची क्यूओएस (मेसेज पोचवण्याच्या अटी) जुळत नाही आणि डेटा येतच नाही. आधी तेच बघायचं. मग टाइमस्टँप, सिम्युलेशनचं घड्याळ चुकून चालू राहिलंय का ते, आणि टीएफच्या (फ्रेमच्या नात्यांच्या) झाडात कुठली फांदी तुटली आहे का.

सी प्लस प्लसमध्ये स्मार्ट पॉइंटर, म्युटेक्स, व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर. कंट्रोल लूपमध्ये मेमरी अलोकेट का करायची नाही. प्रायॉरिटी इन्व्हर्जन (कमी महत्त्वाच्या कामामुळे जास्त महत्त्वाचं काम अडकणं) विचारलं तर १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान त्याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं, हे उदाहरण चपखल बसतं. कोडिंगच्या फेरीत झाडं (ट्री) आणि ग्राफ येतात; ए स्टार (सर्वांत छोटा रस्ता शोधायची पद्धत) हाताने लिहिता यायला हवा.

बिघाडाचा प्रश्न, म्हणजे खरी मुलाखत

आता त्या तीन मिलिमीटरकडे परत येऊ. आज मी काय उत्तर देईन?

आधी लाइन थांबवेन आणि रोबो मॅन्युअलवर घेईन. मग विचारेन: तीन मिलिमीटर सगळीकडे सारखंच आहे का? प्रत्येक जागी, त्याच दिशेला असेल तर काहीतरी एकदाच सरकलं आहे: फिक्स्चर, ग्रिपर, यूजर फ्रेम. कमी-जास्त होत असेल तर काहीतरी सैल आहे: जबड्याची पकड, हवेचा दाब, एखादा बोल्ट. मग ऑपरेटरला विचारेन, जेवणाच्या सुट्टीत सेलमध्ये कोण गेलं होतं? कुणी पॉइंट टच-अप केले (शिकवलेल्या जागा बदलल्या) का? ओरडून विचारलं तर कुणीच सांगत नाही; चहा घेत विचारलं तर सांगतात. पेंडंटचा लॉग त्यानंतर.

मग रोबो चेक पॉइंटला नेईन. शहाणा इंटिग्रेटर सेल उभा करतानाच टूलवर एक टोकदार पिन आणि पायथ्याजवळ एक स्थिर पिन ठेवतो. दोन्ही टोकं जुळली, तर रोबो आणि टूल निर्दोष, फिक्स्चरकडे बघा. जुळली नाहीत, तर टूल काढून लावताना सरकलं आहे, किंवा टीसीपी बदलला आहे, किंवा मास्टरिंग (सांध्यांचं ठरवलेलं शून्य) गेलं आहे. एका चाचणीत शक्यता निम्म्या होतात.

मुलाखतीत हाच क्रम मोठ्याने बोला. शेवटचं उत्तर चुकलं तरी चालतं. मध्ये गप्प बसलात की समोरच्याला काही दिसत नाही. आणि प्रोग्रॅममध्ये तीन मिलिमीटरचा ऑफसेट टाकून मोकळं व्हायचं कधीही सुचवू नका. संध्याकाळी कुणीतरी तो बोल्ट आवळतो आणि मग पार्ट उजवीकडे जातो.

याची सवय घरीच करता येते. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन दोन गिअर मोटर, एक ड्रायव्हर आणि एन्कोडर आणा. पत्र्याचं किंवा अॅक्रिलिकचं लेझर कटिंग भोसरीत करून मिळतं (गुरुवारी जाऊ नका, तिथे बहुतेकांची साप्ताहिक सुट्टी असते). रोबो चालला की मित्राला सांगा, माझ्या नकळत एक गोष्ट बिघडव. एक वायर, एक पॅरामीटर, एक स्क्रू. मग घड्याळ लावून शोधा आणि वहीत लिहा: काय दिसलं, काय वाटलं, काय तपासलं, काय निघालं. अशी पंधरा पानं भरली की ती वही मुलाखतीला घेऊन जा. मी एका मुलीची अशी वही पाहिली आहे, तेलाचे डाग पडलेली. बायोडेटा त्यानंतर कुणी उघडला नाही.

त्या दिवशी

चाकणला जायचं असेल तर नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकसाठी तासभर जास्त धरा, आणि हिंजवडीला सकाळी नऊला पोचायचं असेल तर देवाचं नाव घ्या. कारखान्यात शॉप फ्लोअरची चक्कर होऊ शकते, म्हणून बंद बूट; ओढणी, टाय, लोंबणारं ओळखपत्र आत नको. चक्कर मारताना बघत राहा. "हा सेल हाताने का लोड होतो?" असा एखादा प्रश्न तुम्हीच विचारलात तर साहेब खूश होतात. साहेब मराठीवर आले तर तुम्हीही या, पण तांत्रिक शब्द आहेत तसेच राहू द्या. उगाच भाषांतर करत बसू नका.

पैशाच्या बोलण्यात सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम वेगळी विचारा. बाँड आहे का, किती वर्षांचा, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का हे स्पष्ट करून घ्या. मूळ कागद देऊ नका. शिफ्ट असेल तर रात्रीच्या गाडीची सोय विचारायला संकोच नको. आणि इंटिग्रेटरकडे जात असाल तर साइटवरचे दिवस वर्षाला किती, हे जरूर विचारा. नवी लाइन कारखाना बंद असतानाच बसवतात, आणि कारखाने बंद असतात दिवाळीत. माझ्या आईने पहिली तीन वर्षं फराळाचा डबा कुरिअरने पाठवला.